मावशींची घटना

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फॉल-पिकोचं दुकान चालवणाऱ्या मावशींइतकं नियमानं जगणारं माणूस अख्ख्या नाशकात दुसरं नाही, आणि असलंच तर ते मावशींनीच कुठंतरी ठराव करून नेमलेलं असणार. दुकान म्हणजे काय, मखमलाबाद नाक्याच्या अलीकडं एक शटर, आत एक मशीन, एक स्टूल आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेल्या साड्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. पण तिथं साडी द्यायची तर आधी बसायचं, मग विषय सांगायचा, मग मावशी चष्मा वर करून साडी बघणार आणि म्हणणार, "मंजूर." घाई केली तर म्हणणार, "ऐनवेळचे विषय शेवटी." एकदा एक बाई लग्नाला निघालेली, बाहेर तिचा नवरा गाडीचा हॉर्न वाजवून वाजवून लाल झालेला, आणि मावशी शांतपणे तिला सांगतायत की तुमच्या आधी दोघींच्या साड्या आहेत, त्यांची संमती आणा. त्या दोघी तर साड्या टाकून कधीच घरी गेलेल्या. मग एकीला फोन, दुसरीच्या घरी ती नटलेली बाई स्वतः धावत गेली, दोन्ही संमत्या आल्या तेव्हा कुठं मशीन फिरलं. अक्षता हुकल्या म्हणे तिच्या, पण फॉल असा बसला होता की तिनं पुढच्या लग्नाची साडी दोन महिने आधी आणून टाकली.

घरात मावशी आणि काका, दोघंच. तरी रोज सकाळी भाजी कोणती यावर सभा. दोघांच्या सभेला गणसंख्या दोन, म्हणजे काकांना डुलकी लागली की सभा तहकूब आणि त्या दिवशी नुसती चटणी-भाकरी. मतं समसमान पडली तर अध्यक्षांचं मत जास्तीचं धरायचं, आणि अध्यक्ष पहिल्यापासून मावशीच. काका गल्लीतल्या सगळ्याच सुनांना सूनबाई म्हणतात, मला एकदा हळूच म्हणाले, "सूनबाई, लग्न झाल्यापासून मी विरोधी पक्षात आहे, अजून एकदाही सरकार पडलं नाही." पण मावशींना कारल्याचा वास सहन होत नसताना काकांच्या ताटात दर बुधवारी कारलं असायचं, कारण विरोधी पक्षाला आठवड्यातून एक दिवस द्यायचा असा त्यांनीच नियम केलेला.

शेअर रिक्षात बसलं तरी तेच. रिक्षावाला म्हणाला, रामवाडीच्या पुलावरून घेतो, तर मावशी म्हणाल्या, हा एकट्यानं ठरवायचा विषय नाही, हात वर करा. रिक्षावाला म्हणाला, "ओ मावशी, रिक्षा माझीय." मावशी म्हणाल्या, "म्हणून तर तुम्ही पदसिद्ध सभासद. तुम्हाला पण एक मत आहे. नकाराधिकार नाही." तीन विरुद्ध दोन मतांनी होळकर पूल मंजूर झाला आणि आम्ही रविवार कारंजावर अर्धा तास उन्हात अडकलो, सगळी रिक्षा आमच्याकडं डोळे वटारून बघतेय, मी तर मांडीवरच्या माझ्या लेकीच्या, चिऊच्या टोपड्यात तोंड लपवलं, आणि मावशी खाली उतरताना म्हणतात कशा, "निर्णय चुकला असेल. पद्धत बरोबर होती."

ह्या मावशी माझ्या वर्गात. म्हणजे मी त्यांच्या वर्गात, कारण त्या तीन वर्षांपासून तिथं आहेत. मी नववीतून शाळा सोडली, मग लग्न, मग चिऊ, आणि आता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणाऱ्या बायकांचे रविवारी वर्ग भरतात तिथं जाते, एका शाळेच्या खोलीत. मावशी दोनदा बीजगणितात गेल्या. आणि जिथं नुसतेच वर्ग होते तिथं मावशींनी विद्यार्थी मंडळ काढलं, कारण खोलीतला पंखा बंद होता आणि तक्रार कोणाच्या नावानं करायची हेच कोणाला माहीत नव्हतं. त्यांचे वडील एका संस्थेत शिपाई होते, सभा चालायची तेव्हा पाणी घेऊन दाराशी उभे राहायचे, आणि घरी येऊन सगळी सभा लेकीला सांगायचे, कोण काय बोललं, कोणाचा ठराव पडला. मावशींनी ते सगळं डोक्यात ठेवलं आणि पन्नाशी उलटल्यावर वहीत उतरवलं. त्या वहीला पाठीला साडीच्या फॉलची निळी पट्टी शिवलेली आहे, पानं सुटू नयेत म्हणून.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला विचारलं, "मंडळाची घटना वाचलीस का?"

मी म्हटलं, "नाय हो मावशी, काय घडलं? कुणाला लागलं का? पोलीस आलते का?"

"आणि पोटनियम?"

मी म्हटलं, "ते मी पाळते, वांगं खातच नाय, चिऊ अंगावर पिते ना."

सगळा वर्ग बाकं बडवून हसला. मला जमिनीनं गिळावं असं झालं. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "प्रश्न रास्त आहे, नवीन सभासदाला समजावणं चिटणिसाचं, म्हणजे माझं काम आहे," आणि दुसऱ्या दिवशी मला दुकानात बोलावून स्टुलावर बसवलं आणि मांडीवरची साडी उलगडून सांगितलं. घटना म्हणजे साडी. पोटनियम म्हणजे फॉल. फॉल नाही जमला तर उसवायचा, दुसरा लावायचा, अर्ध्याहून एक हात जास्त वर आला की झालं. पण साडीलाच कात्री लावायची तर तिनातले दोन हात पाहिजेत आणि पंधरा दिवस आधी सगळ्यांना चिठ्ठी. आणि हात वर व्हायच्या आधी दोन माणसं लागतात, एक सूचक, एक अनुमोदक. सूचक म्हणजे जी म्हणते, असं करू या. मी विचारलं, मग अनुमोदक कशाला? मावशींनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "अनुमोदक म्हणजे जी उठून सांगते, ही एकटी वेडी नाही. तेवढंच काम. पण ती नसली तर ठराव मतालाच जात नाही, तिथंच बारगळतो. आणि बारगळलेला सहा महिने परत आणता येत नाही."

एवढं सोपं कोणी मला शाळेत सांगितलं असतं तर मी नववीत राहिले नसते.

आता सगळा घोळ झाला तो पोटनियम अकरानं, आणि तो मावशींनीच लिहिलेला. वर्गात सभासदाखेरीज कोणीही बसणार नाही. का, तर मी यायच्या आधी एका नव्या नवरीचा नवरा दर रविवारी मागच्या बाकावर येऊन बसायचा, बायको शिकतेय का कुठं बघतेय ते बघायला, शेंगदाणे खात. त्याचं बघून दुसरा आला, मग एकीची सासू मेथीची जुडी निवडायला घेऊन आली. मावशींनी नियम केला आणि दाखवला. शेंगदाणेवाला म्हणाला, "मी नवराय तिचा." मावशींनी वही चाळली, अगदी पहिल्या पानापासून, आणि म्हणाल्या, "नवरा हे पद घटनेत नाही." तो जो गेला तो परत आला नाही, त्या नवरीला पंचाहत्तर टक्के पडले.

पण त्याच नियमात आमची पोरं अडकली. माझ्या सासूबाई चिऊला सांभाळायच्या, त्या मोठ्या जावेच्या बाळंतपणाला निफाडला गेल्या आणि तिकडंच राहिल्या. आणि एक होती देवळाली कॅम्पातली, मिलिटरीवाल्याची बायको, नवरा लांब कुठंतरी बॉर्डरवर, घरात दुसरं कोणी नाही, ती दोन बस बदलून कडेवर पोरगं घेऊन यायची. पोरं रडली की वर्गातल्या बाकीच्या नाराज. आमची अध्यक्ष पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी होती, आवाज शिट्टीसारखा, ती म्हणाली, "मावशी, नियम अकरा. नवरा नको तर पोरगं कसं चालेल?"

कोणी दुसरं असतं तर म्हणालं असतं, जाऊ दे, लेकरं आहेत. मी मावशींना तसं म्हटलंसुद्धा. मावशी म्हणाल्या, "आज तुझ्यासाठी डोळा झाकला तर उद्या शेंगदाणेवाल्यासाठी पण झाकावा लागेल. नियम बदलायचा. रीतसर." आणि त्यांनी दुरुस्ती लिहिली, दोन वर्षांखालच्या मुलांना बालसभासद धरावं, मताधिकाराशिवाय, गणसंख्येत न मोजता. मला वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "सूचक मी. अनुमोदक तू."

मी हो म्हटलं. मावशींनी माझी तालीमही घेतली, दुकानातच, साड्यांना सभा समजून. उभं राहायचं, हात वर करायचा, म्हणायचं, "माझं अनुमोदन आहे." तीनच शब्द. मी कणीक मळताना म्हणायची, धुणं पिळताना म्हणायची, चिऊला झोपवताना तेच म्हणायची, पोरीचा पहिला शब्द अनुमोदन निघतो का काय असं झालं होतं. एकदा ह्यांनी ऐकलं, कंपनीतून आले होते, डबा ठेवता ठेवता म्हणाले, "काय पुटपुटतेस? शिक, मी नाय म्हणत नाय. पण ते मंडळ-बिंडळ नको. कुठं सही करायची नाय, कुठं नाव द्यायचं नाय. नाव कागदावर गेलं की आपलं राहत नाय." ह्यांच्या डोळ्यासमोर मंडळ म्हणजे चौकातलं, डीजेवालं. पण ते वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं.

सभा शाळेच्या पटांगणात होती, म्हणून चिऊ माझ्या मांडीवर. कॅम्पातली त्या दिवशी आली नव्हती, तिच्या पोराला ताप होता. मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. विषय चौथा आला, त्या उभ्या राहिल्या आणि सूचना मांडली. गणसंख्येत न मोजता, म्हणाल्या तेव्हा सगळ्या खो-खो हसल्या, एक म्हणाली, "आणि पोरानं दूध मागितलं तर तो ऐनवेळचा विषय का?" आणि कोणीतरी ग्रुपवर टाकायला मोबाईल वर धरून शूटिंग करायला लागली. अध्यक्ष म्हणाली, "अनुमोदन?"

मोबाईल माझ्याकडं वळला असं मला वाटलं. वळला नसेलही. मला फक्त दिसत होतं की आता माझं नाव त्या वहीत जाणार, ग्रुपवर जाणार, कंपनीत कोणीतरी ह्यांना दाखवणार.

"अनुमोदन? कोणाचं अनुमोदन आहे का?"

मी खाली वाकून चिऊच्या टोपड्याचा बंद सोडला आणि परत बांधला. नीटच होता तो. परत सोडला, परत बांधला.

तिसऱ्यांदा विचारून अध्यक्ष म्हणाली, "बारगळलं." मावशींनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. पुढं कधीतरी त्यांनी सांगितलं की चिटणिसानं सभेत कोणाला डोळ्यानं खुणावायचं नसतं, नियमात बसत नाही. पण मला तेव्हा काय माहीत. मी एवढंच बघितलं की त्या बसल्या, वही मांडीवर घेतली आणि लिहायला लागल्या, आणि आजूबाजूच्या अजून हसतच होत्या, आणि मी त्यांना सगळ्यांसमोर एकटी वेडी ठरवून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी मी जाणारच नव्हते. तर मावशीच दारात, "चल." वर्गाबाहेर व्हरांड्यात त्यांनी सतरंजी टाकली, चिऊला माझ्या कडेवरून घेतलं, कॅम्पातलीचं पोरगं घेतलं, आणि म्हणाल्या, "अकरामध्ये 'वर्गात' असं लिहिलंय. व्हरांडा वर्ग नाही. जा आत." मी म्हटलं, "मावशी, तुमचा तास बुडतोय." त्या म्हणाल्या, "क्ष ची किंमत मला दोन वर्षांत कळली नाही, अजून थोडं थांबेल." मी आत बसले. फळ्यावर काय होतं देव जाणे, मला खिडकीतून फक्त चिऊच्या हातातली रिकामी दोऱ्याची रिळं खाली पडल्याचा आवाज येत होता. तीन रविवार असं झालं. चौथ्या रविवारी मावशी हजेरीपत्रक घेऊन अध्यक्षाकडं गेल्या, लाल पेन मागितलं आणि सगळ्यांसमोर स्वतःच्याच नावावर रेघ मारली. सलग तीन रविवार वर्गात गैरहजर तर सभासदत्व रद्द, हा पण त्यांचाच नियम.

ती भरतीवाली पोरगी रडकुंडीला आली. "अहो मावशी, तुम्ही दहा पावलांवर होतात!"

"दहा पावलं बाहेरच होते," मावशी म्हणाल्या, मंडळाची वही आणि खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि जाऊन सतरंजीवर बसल्या.

सभासद नाही म्हणजे वर्गात बसायचं नाही, म्हणजे हे वर्ष गेलं. त्यांचं. मी मात्र आत. सगळी गणितं सोडवत. आणि मला वाटायचं, वहीत माझं नाव आहे, अमुक हिनं कबूल करून आयत्या वेळी हात वर केला नाही असं मावशींनी नक्की लिहिलं असणार, कारण त्या सगळंच लिहितात. रोज भाकरी थापताना मला ती ओळ दिसायची.

सहा महिन्यांनी जानेवारीत पुढची सभा. पटांगणात क्रिकेट चालू होतं म्हणून सभा खोलीत. पहिला विषय कायम तोच असतो, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं आणि कायम करायचं, म्हणजे झालं ते बरोबर लिहिलंय असं सगळ्यांनी म्हणायचं. अध्यक्ष वाचायला लागली, मावशींचंच अक्षर. मी हात घट्ट धरून बसले. "चिटणिसांनी पोटनियम अकरामध्ये दुरुस्ती सुचवली. अनुमोदन न मिळाल्याने सूचना बारगळली."

एवढंच. नाव नाही, काही नाही.

मला त्या ओळीची भीती सहा महिने होती, आणि ती तिथं नाही हे कळल्यावर मला जी लाज वाटली ती कुठं ठेवू असं झालं. मी उभी राहिले, कशी राहिले माहीत नाही. म्हटलं, "हे चुकलंय. अनुमोदक होती. तिनं हो म्हटलं होतं, तिला येत पण होतं, ती टोपडं बांधत बसली. माझं नाव लिहा."

तेवढ्यात खिडकीच्या गजावर टकटक झालं. मावशी, एका हातावर चिऊ, दुसऱ्यावर ते पोरगं.

अध्यक्ष म्हणाली, "बोला ना मावशी."

"मी सभासद नाही. बोलू द्यायचं का, आधी सभेला विचार."

सगळ्यांनी हात वर केले. मग मावशी म्हणाल्या, "इतिवृत्त बरोबर आहे. झालं ते लिहायचं असतं. व्हायला पाहिजे होतं ते लिहायला रकाना नाही." आणि चिऊला सावरून घेत, "तिला खाली बसवू नका. उभी राहिलीच आहे, तर सहा महिने पण झालेत."

मला कळलं. मी पुढच्या विषयात सूचना मांडली, तीच, शब्द न शब्द, बालसभासद, मताधिकाराशिवाय, गणसंख्येत न मोजता. शेवटचे शब्द तोंडात असतानाच कॅम्पातलीचा हात वर गेला, दुधाच्या बाटलीसकट. "माझं अनुमोदन!" तिला एक क्षण पण लागला नाही. मी मनात म्हटलं, बघ, असा करायचा असतो हात वर. दुरुस्ती बहुमतानं मंजूर झाली, ज्या हसल्या होत्या त्यातल्या पण चौघींनी हात वर केले.

पुढच्या रविवारी पोरं वर्गात. चिऊ बाकाखाली रिळं घरंगळवतेय. आणि व्हरांडा रिकामा. मावशी आल्याच नाहीत. सभासद नसलेल्या बाईचं आता तिथं काय काम.

म्हणून मी सोमवारी त्यांच्या दुकानात गेले, सभासदत्वाचा अर्ज घेऊन. सूचक म्हणून कॅम्पातलीची सही आणली होती, अनुमोदक म्हणून माझी, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, पेननं. मावशींनी चष्मा वर केला. "अर्ज जूनमध्ये घेतात."

"माहितीय. तोवर ठेवा."

"आणि जूनपर्यंत तू पास झालीस तर तुझं सभासदत्व संपलं. मग ही सही चालणार नाही. नियम सहा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "मग मी नापास होते."

मावशींनी मशीन थांबवलं. आमच्या ओळखीत त्या पहिल्यांदाच रागावल्या. "मुकाट्यानं पास व्हायचं. अनुमोदक काय, दुसरी मिळेल मला."

त्या सहज बोलल्या, नियमाचं बोलल्या. मला मात्र लागायचं तिथं लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं. मावशींनी अर्ज परत एकदा वाचला, बोट फिरवत, आणि म्हणाल्या, "अनुमोदकमधला नु ऱ्हस्व काढलास. बरोबर आहे." मग तो कागद त्यांनी मशीनच्या सुईखाली घेतला आणि चारी कडांनी पिको मारला, गुलाबी दोऱ्यानं, जूनपर्यंत विसकटायला नको म्हणून. आणि साड्यांच्या रांगेत एका खिळ्याला टांगून टाकला.

अजून तिथंच आहे. कंपनीत जाता-येता हे त्याच रस्त्यानं जातात, कधीतरी वाचतील. वाचू देत. मार्चात परीक्षा आहे, मी पास झाले तर ती सही बाद होईल, पण तोवर साडी घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला माझ्या नावानिशी वाचता येईल की मावशी एकट्या वेड्या नाहीत. सहा महिने उशिरा का होईना.